सातबाऱ्यावर नसलेले पूर्वज

गारगोटी हे आमच्या गावाचं नाव आणि चकमकीच्या दगडाचंही. लहानपणी वेदगंगेच्या पात्रातून पांढऱ्या गारगोट्या आणायच्या, रात्री गोधडीत तोंड खुपसून त्या एकमेकींवर घासायच्या. आत फिकट उजेड पडायचा आणि नाकात जळकट वास शिरायचा. दगडाशी ओळख इतकी जुनी. तरीही दगड माणसाची आठवण किती काळ धरून ठेवतो हे मला कळलं ते महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला गेल्यावर. कोल्हापूरहून गोंदियाला जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस धरायची, एक रात्र आणि पुढचा बराचसा दिवस गाडीत काढायचा आणि नागपूरला उतरायचं. तिथून काटोल रस्त्यानं दहा-बारा किलोमीटरवर जुनापाणी.

तिथं आधी काही दिसतच नाही. झुडपी रान, पळस, वाळलेलं गवत आणि इथंतिथं पडलेले काळे धोंडे. असे धोंडे तर कुठल्याही माळावर असतात. मग एका धोंड्यावरून नजर शेजारच्यावर जाते, तिथून पुढच्यावर, आणि फिरत फिरत पहिल्या धोंड्यापाशी परत येते. आपण एका कड्याच्या आत उभे आहोत हे तेव्हा ध्यानात येतं. कड्याच्या आतली जमीन बाहेरच्यापेक्षा जराशी फुगलेली असते, ताटात भाताची मूद असावी तशी. एका धोंड्याच्या पाठीवर हात फिरवला तर बोटाच्या पेराला खळगे लागले. एका ओळीत कोरलेले, करंगळीचं टोक बसेल एवढे काही, तर काही अंगठ्याएवढे. ज्यानं ते कोरले त्यानं आतल्या माणसाला ओळखलेलं होतं. अडीच हजार वर्षांहून अधिक काळ उलटून गेला आहे.

ही शिळावर्तुळं म्हणजे विदर्भातल्या लोहयुगातली थडगी. इसवी सनापूर्वी साधारण १००० ते ३०० या काळातली. जुनापाणीला अशी तीनशेच्या आसपास वर्तुळं नोंदली गेली, आणि हे ठिकाण भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या संरक्षणाखाली आहे. माहूरझरी, टाकळघाट, खापा, नैकुंड, भागीमोहरी, हिंगण्याजवळचं रायपूर, बोरगाव अशी नावं घेत गेलं तर एकट्या नागपूर जिल्ह्याचा नकाशा भरून जातो. सगळ्या विदर्भात अशी शंभराहून अधिक ठिकाणं आहेत. चंद्रपूर जिल्ह्यात चिमूर तालुक्यातल्या हिरापूरला तर वर्तुळांऐवजी सपाट शिळा उभ्या करून त्यावर छत टाकलेली दगडी घरकुलं आहेत. एवढ्या सगळ्यांतून कायद्याचं कुंपण लाभलं ते मोजक्या जागांना. बाकीच्यांचं काय झालं आणि काय होतं आहे, हा या लेखाचा विषय आहे.

थडगं कसं रचत ते आधी पाहू. जागा निवडायची ती शेतीला नको असलेल्या मुरमाड उंचवट्याची, पाण्यापासून फार लांब नाही अशी. मध्ये जमीन थोडी उकरून किंवा तशीच ठेवून अस्थी, मडकी, हत्यारं मांडायची. वर लांबून आणलेल्या काळ्या चिकणमातीचे थर द्यायचे, त्यावर मुरूम आणि गोटे, आणि भोवती मोठमोठ्या धोंड्यांचं कडं. काही वर्तुळं पाच-सहा मीटर रुंदीची, तर काही वीस मीटरांच्या घरात जाणारी. एकेक धोंडा हलवायला चार-सहा माणसं लागतील असा. हे एका घराचं काम नव्हे, त्याला अख्खं गोत जमलं असणार. आजही गडचिरोलीत आणि बस्तरात माडिया गोंड आपल्या मृतांसाठी शिळा उभ्या करतात. त्या परंपरेचा आणि या वर्तुळांचा थेट धागा जोडता येत नाही, पण मेलेल्या माणसासाठी जिवंत माणसांनी मिळून दगड वाहून आणायचा, या कृतीतली माया ओळखीची वाटते.

या थडग्यांच्या शोधाची सुरुवात एका मृत्यूनं झाली आहे. स्टीफन हिस्लॉप हा स्कॉटिश मिशनरी १८४० च्या दशकात नागपुरात आला. शाळा चालवणं हे त्याचं काम, पण भूगर्भशास्त्र हा त्याचा जीव. नागपूर परिसरातल्या जीवाश्मांवर त्यानं लिहिलं, गोंडांच्या गाण्यांच्या आणि शब्दांच्या नोंदी केल्या. सप्टेंबर १८६३ मध्ये मध्य प्रांताचे प्रमुख रिचर्ड टेंपल यांच्याबरोबर तो टाकळघाटची शिळावर्तुळं पाहायला गेला. ४ सप्टेंबरला परतताना अंधार पडला, पावसानं ओढा फुगला होता, आणि हिस्लॉप त्यात वाहून गेला. घोडा एकटाच आला. त्याच्या अप्रकाशित नोंदी पुढं टेंपल यांनी १८६६ मध्ये छापून काढल्या. नागपूरचं हिस्लॉप कॉलेज सगळ्यांना ठाऊक असतं. त्या नावाचा माणूस शिळावर्तुळं पाहून परतताना गेला, हे शहरात फार कमी लोकांना माहीत आहे.

हिस्लॉपनंतर चार वर्षांनी रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्यानं जुनापाणीची काही वर्तुळं उघडली. धोंड्यांवरचे ते खळगे त्याच्याच नजरेत पहिल्यांदा भरले, आणि ब्रिटनमधल्या प्राचीन दगडांवरच्या खळग्यांशी त्यांचं साम्य पाहून तो हरखून गेला. दोन्हीकडे एकच जमात असेल असा त्याचा तर्क होता. तो टिकला नाही. त्यानं काढलेल्या वस्तू मात्र लंडनला ब्रिटिश म्युझियममध्ये गेल्या त्या गेल्या. स्वातंत्र्यानंतर बी. के. थापर यांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला जुनापाणीची तीन वर्तुळं शास्त्रशुद्ध रीतीनं उकरली. अलीकडे टाटा मूलभूत संशोधन संस्थेतल्या मयंक वाहिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी खळगे असलेले धोंडे वर्तुळात कोणत्या दिशांना आहेत हे मोजलं. ते ठरावीक दिशांनाच येतात आणि त्याचा संबंध आकाशाशी असावा, असं त्यांचं म्हणणं आहे. मला हे म्हणणं विचार करण्याजोगं वाटतं, पण एक अट आहे. दिशा मोजायची तर धोंडा मूळ जागी असायला हवा. एक धोंडा कुणी बांधासाठी उचलून नेला की ते वर्तुळ या प्रश्नापुरतं मुकं झालं.

खरं भरीव काम झालं ते शां. भा. देव यांच्या हातून. नागपूर विद्यापीठाच्या प्राचीन भारतीय इतिहास विभागात असताना त्यांनी टाकळघाट आणि खापा उकरलं, मग १९७० ते ७२ या काळात माहूरझरी. पुढं अ. प्र. जामखेडकर यांच्यासोबत नैकुंड. गो. बं. देगलूरकर आणि गौरी लाड यांनी रायपूरचं काम केलं, त्याचा अहवाल १९९२ ला आला. डेक्कन कॉलेजच्या रवींद्र मोहंती यांनी या शतकाच्या सुरुवातीला पुन्हा माहूरझरीत हात घातला. हे अहवाल इंग्रजीत आहेत, कोरडे आहेत, मोजमापांनी भरलेले आहेत. त्यातल्या वस्तूंच्या याद्या मात्र मी कादंबरीसारख्या वाचल्या.

कारण त्या याद्यांत घोडा आहे. खापा, माहूरझरी, नैकुंड, रायपूर, जुनापाणी, एकामागून एका ठिकाणी माणसाबरोबर घोड्याची हाडं. लोखंडी लगामाची कडी. घोड्याच्या कपाळावर आणि तोंडावर चढवायचा तांब्याच्या पत्र्याचा साज, कातड्यावर बसवलेला. तांब्याच्या घंटा. हे लोक घोड्याला नटवत होते आणि धनी गेला की नटवलेला घोडा त्याच्या सोबत देत होते. याद्यांत आडव्या पट्ट्यांनी दांड्याला जखडायच्या लोखंडी कुऱ्हाडी आहेत, तांब्याच्या मुठीच्या कट्यारी आहेत, सोन्याचे दागिने आहेत, काळी-तांबडी मडकी आहेत. आणि तांब्याची झाकणं आहेत, ज्यांच्या शेंड्यावर पक्षी बसलेले आहेत. झाकण उचलायला बोंड लागतं, एवढीच गरज. तिथं कुणा तांबटानं पाखरं बसवली. मला ही झाकणं सगळ्या सोन्याहून जवळची वाटतात.

माहूरझरीला मणीही घडत होते. तांबडा अकीक, जास्पर, स्फटिक, म्हणजे आमच्या गारगोटीचेच भाऊबंद. ते घासून, भोकं पाडून, त्यावर पांढरी नक्षी उठवून माळा ओवल्या जात. नैकुंडला लोखंड गाळण्याची भट्टी सापडली. पेंचच्या काठी बसून या लोकांनी खनिज वितळवलं, आणि वितळवलेल्या लोखंडाचं हत्यार करून ते थडग्यात ठेवलं.

हे लोक कोण होते, यावर दोन पिढ्या वाद चालला. लॉरेन्स लेश्निक यांनी १९७४ च्या ग्रंथात ते भटके पशुपालक, घोडेस्वार टोळ्या असं चित्र उभं केलं. थडगी शेकड्यांनी आणि गावं मात्र दिसत नाहीत, म्हणून ते पटण्यासारखं होतं. पण टाकळघाटला वस्तीचे थर मिळाले, नैकुंडला मिळाले, आणि भागीमोहरीच्या मातीतून मु. दि. काजळे यांनी जळलेले दाणे निवडून काढले: तांदूळ, गहू, जव, मसूर. पेरणी-कापणी करणारी माणसं होती ती, जोडीला गुरंढोरं आणि घोडे पाळणारी. आता बहुतेक अभ्यासक शेती आणि पशुपालन दोन्ही मानतात, आणि मलाही तेच बरोबर वाटतं. इथं एक गोष्ट विसरायची नाही. हा वाद सुटला तो वर्तुळांमुळे नाही, वर्तुळांजवळच्या साध्या पांढरीच्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या, टेकाडामुळे. संरक्षित फलक लागतो थडग्यांना. ज्या टेकाडात दाणे जळले ते टेकाड शेतकऱ्याच्या नांगराखाली असतं.

आमच्या बाजूला, म्हणजे पश्चिम महाराष्ट्रात, अशी वर्तुळं जवळजवळ नाहीत. का नाहीत, हा प्रश्न कोल्हापूरकराला पडणं साहजिक आहे. इथं त्याआधीचे ताम्रपाषाणयुगीन शेतकरी आपले मृत घरातच ठेवत. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावला डेक्कन कॉलेजनं १९६८ पासून पुढं बारा हंगाम उत्खनन केलं, ह. धी. सांकलिया, म. के. ढवळीकर आणि झै. दा. अन्सारी यांचं ते काम. तिथं लहान मुलं दोन मडक्यांत, मडक्यांची तोंडं एकमेकांना जुळवून, घराच्या जमिनीखाली पुरलेली आढळली. मोठ्या माणसांची पावलं घोट्याखाली तोडलेली असत. एक पुरुष चार पायांच्या मातीच्या रांजणात मांडी घालून बसवलेला मिळाला. म्हणजे पूर्वज इथं माळावर नाहीत, पायाखाली आहेत. वरून काही दिसत नाही, फक्त गावकऱ्यांना ठाऊक असलेली पांढरी माती. ती पोत सुधारायला म्हणून गाड्या भरभरून शेतात नेली जाते, घरं सारवायला नेली जाते. कोल्हापुरात पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरीचं टेकाड सातवाहनकाळातलं, थडगं नव्हे. तिथं १९४५-४६ मध्ये सांकलिया आणि मो. गं. दीक्षित यांनी खोदलं, आणि त्याआधी तिथं मिळालेली समुद्रदेव पोसायडनची काशाची छोटी मूर्ती आज टाऊन हॉलच्या संग्रहालयात आहे. खऱ्या महापाषाणीय थडग्यांसाठी आम्हाला सीमा ओलांडून गोकाककडे कोण्णूरला जावं लागतं. तिथून दक्षिणेला कर्नाटकभर ही दगडी घरं पसरली आहेत. लोक त्यांना कुठं पांडवांची घरं म्हणतात, कुठं मोर्यांची. विदर्भात वर्तुळांचं नातं गवळी राजांशी जोडलं गेलं.

या नावांना मी अंधश्रद्धा म्हणणार नाही. कायदा येण्याआधी या जागांची राखण या नावांनीच केली. पांडवांच्या घराला हात लावायचा नाही, गवळ्यांच्या धोंड्यावर पाय द्यायचा नाही. आमच्या भुदरगड तालुक्यात देवराईतली काटकीसुद्धा घरी आणायची नाही, ही शिस्त जुन्या माणसांनी पाळली आणि जंगलाचे तुकडे टिकले. आयर्लंडमध्ये मातीच्या जुन्या गढ्यांमध्ये परींचं राज्य आहे असं शेतकरी मानत, म्हणून हजारो गढ्या नांगरातून वाचल्या. त्याच देशातलं न्यूग्रेंज हे पाच हजार वर्षांपूर्वीचं प्रचंड थडगं १६९९ मध्ये उजेडात आलं, कारण जमीनमालक चार्ल्स कॅम्पबेल याच्या मजुरांनी रस्त्यासाठी त्याचे दगड काढायला सुरुवात केली होती. दगड नेता नेता आतल्या दालनाचं तोंड सापडलं. आज हिवाळ्यातल्या सर्वांत लहान दिवशी त्या दालनात शिरणारं सूर्यकिरण पाहायला जगभरातून अर्ज येतात. त्या मजुरांनी आणखी दोन महिने दगड नेले असते तर काय उरलं असतं, याचा विचार माझ्या मनातून जात नाही. कारण आपल्याकडं ते दोन महिने रोज चालू आहेत.

पारंपरिक नाव पुसलं गेलं आणि त्या जागी दोन नव्या कल्पना आल्या. एक गुप्तधनाची. थडग्यात सोनं असतं ही बातमी अहवालांतून बाहेर पडली आणि अमावास्येला कुदळी घेऊन लोक माळावर जाऊ लागले. सोनं शंभरांतून एखाद्या थडग्यात, तेही मासाभर. पण उकरलेलं वर्तुळ पुन्हा वाचता येत नाही. दुसरी कल्पना मुरमाची. वर्तुळ ज्या मुरमाड उंचवट्यावर असतं तो उंचवटा म्हणजेच रस्त्याच्या ठेकेदाराला हवा असलेला माल. वरचे धोंडे खडीयंत्राला, खालचा मुरूम भरावाला. टाकळघाटच्या उंबरठ्यावर बुटीबोरीची औद्योगिक वसाहत आली. नागपूर शहर काटोल रस्त्यानं, अमरावती रस्त्यानं, हिंगण्याकडं सरकतंय, आणि शेतांचे ले-आउट पडताना जेसीबी एका सकाळी जे सपाट करतो ते उकरायला उत्खननकाराला तीन हंगाम लागले असते.

कायदा दुबळा नाही. १८८२ मध्ये ब्रिटननं पहिला स्मारकसंरक्षण कायदा केला तेव्हा त्याच्या यादीत बहुतेक नावं अशाच प्रागैतिहासिक दगडांची आणि थडग्यांची होती. आपल्याकडं १९०४ ला कर्झनच्या काळात कायदा आला, १९५८ ला स्वतंत्र भारताचा, १९६० ला महाराष्ट्राचा. केंद्राच्या कायद्यात २०१० ला दुरुस्ती झाली: संरक्षित सीमेपासून १०० मीटरपर्यंत नवं बांधकाम नाही, त्यापुढं २०० मीटरपर्यंत परवानगीनं, आणि नासधुशीला दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड. पण हे सगळं सुरू होतं अधिसूचना निघाल्यावर. यादीत नसलेल्या वर्तुळाला या तीनशे मीटरांतला एक सेंटिमीटरही मिळत नाही. आणि यादीत असलेलंही हरवतं. केंद्र सरकारनंच संसदेत सांगितलं की देशातली ५० संरक्षित स्मारकं नाहीशी झाली: १४ शहरीकरणात, १२ धरणांखाली, आणि २४ चा पत्ताच लागत नाही. त्या २४ मध्ये महाराष्ट्रातलीही आहेत. नाव, क्रमांक, फलक असलेल्यांची ही गत, तर माळावरच्या बेनाव धोंड्यांची कुणी गणती करायची?

शेतकऱ्याची बाजूही मनापासून ऐकायला हवी. शंभर मीटरांच्या आत ज्याची जमीन आहे त्याला गोठा बांधायचा तरी धाकधूक. परवान्यासाठी हेलपाटे. शेजारच्या गावचा भाव वाढतो, याचा अडकून राहतो. अशा माणसाला दुसऱ्या शेतात वर्तुळ दिसलं तर तो कुणाला कळवेल का? नाही कळवणार. रातोरात धोंडे बांधावर नेईल. कडक कायद्यानं वाचवलेल्या एका जागेपायी न कळवलेल्या दहा जागा जातात, आणि हे नुकसान कुठल्याच अहवालात दिसत नाही. मोबदला आणि परवानगीची सोय तालुक्यापाशी आणल्याशिवाय हे थांबणार नाही, असं माझं ठाम मत आहे. १९५८ च्याच कायद्यात मालकाशी करार करण्याची, जागा भाड्यानं किंवा विकत घेण्याची तरतूद आहे. ती वापरात दिसायला हवी.

मला सगळ्यात मोठी उणीव दिसते ती गावच्या दप्तरात. महाराष्ट्रात जमिनीचं खरं अस्तित्व सातबाऱ्यावर असतं. त्यावर विहीर असते, आंब्याची झाडं असतात, बँकेचा बोजा असतो, कुळाचं नाव असतं. अडीच हजार वर्षांपूर्वी त्याच गटात पुरलेल्या माणसाची ओळ नसते. इतर हक्कांच्या रकान्यात ‘या गटात प्राचीन शिळावर्तुळे आहेत’ एवढी नोंद पडली, गाव नकाशावर एक गोल खूण आली, तर मालकी कुणाची हलत नाही, बांधकाम आपोआप थांबत नाही. पण गौण खनिजाच्या परवान्याचा अर्ज तहसीलदारासमोर येतो तेव्हा ती ओळ वाचली जाते. मुरूम शेजारच्या गटातून काढता येतो. एवढंच ठरवायला ती ओळ लागते. २००२ च्या जैवविविधता कायद्यानं ग्रामपंचायतींना लोकजैवविविधता नोंदवह्या करायला लावल्या, आणि माधव गाडगीळांसारख्या शास्त्रज्ञानं गावकऱ्यांच्या माहितीला त्यात मानाचं पान मिळवून दिलं. जिथं नोंदवही मनापासून झाली तिथं कुठल्या ओढ्यात कुठला मासा हे म्हाताऱ्या भोयानं सांगितलं आणि पोरांनी लिहिलं. दगडांसाठी तसंच हवं. विदर्भातल्या गुराख्याला आपल्या रानातला प्रत्येक गोल माहीत असतो, गुरं सावलीला बसतात तिथंच. त्याला विचारायला कुणी गेलं पाहिजे.

जुनापाणीहून परतल्यावर मी आमच्याच शिवारात फिरायला सुरुवात केली. वर्तुळं नाहीत, पण वीरगळ आहेत. मध्ययुगातले, म्हणजे त्या मानानं कालपरवाचे, तरीही मेलेल्या माणसासाठी उभे केलेलेच दगड. एका वस्तीवर विहिरीच्या कडेला आडवा टाकलेला एक होता. त्यावर धुणं आपटून आपटून वरची बाजू गुळगुळीत झालेली. धुणं धुणाऱ्या मावशींना विचारलं, हा उलटवून बघू का. त्यांनी पोराला हाक मारली, आम्ही तिघांनी पहारीनं तो कलता केला. खालच्या अंगाला चिखलात चार चौकटी शाबूत निघाल्या. तळाला गुरं आणि ढाल धरलेला माणूस, त्यावर दोघींनी हाताला धरून वर नेलेला तोच, त्यावर शिवलिंगापुढं हात जोडलेला, आणि माथ्यावर चंद्र-सूर्य. मावशी बराच वेळ वाकून बघत राहिल्या. मग कळशीतलं पाणी त्याच्यावर ओतलं, पदरानं गुरांची तोंडं पुसली आणि पोराला म्हणाल्या, धुण्याला दुसरा दगड बघ, आणि ह्याला भिंतीला टेकवून उभा कर. मी वहीत गट नंबर, विहिरीची दिशा आणि उंची लिहून घेतली: तीन फूट दोन इंच.